रंगीत तालीम

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी तेजसभाऊ म्हणाले,
मिस्तरी, एक रात्र राहून जा, बाईंना घेऊन.
पोरांना सवय व्हायला हवी पाहुण्यांची,
खऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर चहा सांडायला नको.

म्हणून आम्ही चोपड्यातल्या चोपड्यात
पिशवी भरून गावाला निघालो.
लुना बाहेर लावली. दारातल्या पोरानं
ओवाळलं आम्हाला, थंडगार रुमाल दिले,
आणि मला 'सर' म्हणताना त्याला हसू फुटलं.
गेल्या महिन्यापर्यंत तोच माझी शिडी धरायचा.

कपाशीच्या या पेढीचे एकोणीस खांब
मी दीड वर्ष खरवडले.
वर हिरवा ऑइलपेंट, खाली निळा, त्याखाली पिवळा,
घरातल्या प्रत्येक लग्नाचा एक थर.
तळाशी सागवान निघालं, सातपुड्यातलं,
आणि तोड्यांवर पोपट, जोडीजोडीनं,
डोळ्यांत चुना भरलेले.
सुईनं काढला एकेका डोळ्यातला.
मग ऐंशी नंबरचा कागद, मग एकशेवीस,
मग अळशीचं तेल, चिंधीनं,
लाकडाला तहान असेतो.

खोलीचं भाडं दारामागं छापलंय.
हिनं वाचलं नाही, मी वाचलं.
पलंगावर टॉवेलचा हंस बसलेला.
हिनं तो न मोडता उचलला, खुर्चीवर ठेवला,
रात्रभर आमच्याकडं बघत होता.

मग स्पा. खाली, जिथं सरकीची कोठी होती.
ही नको नको म्हणत गेली.
तिथल्या पोरीचं नाव रायकी पावरा, धडगावकडची,
तीन महिने नाशिकला शिकून आलेली.
मी बाहेर बाकावर.
दार माझ्याच हातचं,
त्यातून सगळं ऐकू येतं हे तेव्हा कळलं.

"मॅम, प्रेशर ओके आहे?"
बराच वेळ काही नाही.
मग ही: "आठे दाब वं बहीन, आठे दुखस."
आणि पुन्हा काही नाही,
तेलातल्या तळव्यांचा आवाज फक्त.

केळीच्या घडांखाली बावीस वर्षं गेलेला खांदा.
लाकडाची शीर कुठं वळते ते मला अंधारात कळतं.
आठे म्हणजे कुठं,
ते मला बाकावरून दिसत नव्हतं.

बाहेर आली तेव्हा केस ओले,
चेहरा दुपारी झोपून उठल्यासारखा.
म्हणाली, पोरगी विचारत होती हाताचे डाग कशाचे.
केळीचा चीक, सांगितलं. लिंबानं जात नाही, रॉकेलनं जात नाही.
तरी घासून पाहिलं तिनं.
मग?
मग काय, हसलो दोघी.

रात्री एसीत मला झोप लागेना.
अनवाणी उतरलो. तिसरी पायरी करकरते.
अकराव्या खांबावरचा डावा पोपट:
चोच तुटली होती माझ्या पत्रीनं, गेल्या श्रावणात.
रातोरात नवी कोरून बसवली,
आमच्या जुन्या पाळण्याच्या पट्टीतून.
तेजसभाऊंना माहीत नाही. आर्किटेक्टबाईंनाही नाही,
त्या नेमका त्याच पोपटाचा फोटो काढतात.
अंगठ्यानं चाचपली. सांधा लागत नव्हता.

"सर, काही हवंय?" वॉचमन.
नको म्हटलं, बघतोय.

सकाळी पोहे, पपई आणि एक फॉर्म.
अनुभव कसा वाटला? लिहिलं, तिसऱ्या पायरीला मेण लावा.
स्पाचे तारे हिनं भरले, पाचही, जोर देऊन,
कागद फाटेल इतके.
पुन्हा यायला आवडेल का?
हो. पावसाळ्यानं लाकूड फुगतं,
दिवाळीनंतर एक हात मारावाच लागेल.

कटाईची गाडी चुकली म्हणत
ही लुनावर मागं बसली,
एक हात माझ्या खांद्यावर,
दुसरा, पार शेताच्या फाट्यापर्यंत,
नाकाशी.